वाद्यं आणणं सोपं, वर्ग टिकवणं कठीण : शाळेतल्या वाद्यसंगीताचा एक अभ्यास

सुवालीचा किनारा आमच्या हजीऱ्यापासून जवळच आहे. 1612 मध्ये टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाची जहाजं तिथे आली आणि पोर्तुगिजांशी त्यांची लढाई झाली, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. त्या इंग्रजांबरोबर दोन वादकही होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. लॅन्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल वाजवायचा. व्हर्जिनल म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं, पेटीएवढं, पट्ट्यांचं वाद्य. रॉबर्ट ट्रली कॉर्नेट वाजवायचा. हे आजच्या बँडमधलं पितळी कॉर्नेट नव्हे, त्या काळचं लाकडी. 1613 मध्ये दोघांना जहांगीर बादशहाच्या दरबारात पाठवण्यात आलं. कॉर्नेट बादशहाला आवडलं. व्हर्जिनलची तिथे फारशी कदर झाली नाही आणि कॅनिंग लवकरच वारला. आमच्या या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या वाद्यांची इथे ना शाळा निघाली, ना परंपरा.

याच्या कितीतरी आधी गोव्यातही युरोपची वाद्यं जहाजानेच आली होती. तिथे मात्र ती राहिली, रुजली आणि पुढे थेट हिंदी सिनेमाच्या गाण्यांपर्यंत पोचली. समुद्र तोच, काळही जवळपास तोच. मग फरक कशाने पडला? या लेखात मी तेच शोधते आहे.

प्रश्न नुसता इतिहासाचा नाही. मी ज्या शाळेत शिकले तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा शाळेच्या वाद्यवर्गासाठी थोडे पैसे जमवले आहेत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, वीस कीबोर्ड घेऊन टाका, फोटोतही छान दिसतील. दुसरा म्हणतो, आधीची वाद्यं कपाटात पडून आहेत, त्यांचं काय? खरंच पडून आहेत. साइड ड्रम आहेत, बिगुल आहेत, दोन पेट्या आहेत. शिकवणारे सर वर्षाच्या करारावर होते. करार संपला, सर गेले, कपाटाला कुलूप लागलं. मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून ग्रुपने माझ्याकडे टिपण मागितलं. ते टिपण वाढत वाढत हा लेख झाला.

यश म्हणजे काय?

आधी शब्द नीट ठरवू या. आंतरशालेय स्पर्धेत ढाल मिळाली, की आपण वाद्यवर्ग यशस्वी झाला म्हणतो. पण ढाल तर पाच-सहा हुशार मुलांच्या जिवावरही मिळते, आणि ती मुलं दहावी होऊन गेली की वर्ग पुन्हा रिकामा. म्हणून मी तीन साध्या कसोट्या धरल्या आहेत. शिक्षक बदलले तरी वर्ग चालू राहतो का? ज्या मुलाच्या घरी कुणालाच संगीत येत नाही, असं सामान्य मूल त्यात वाजवतं का? आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : वर्ग बंद पडला तर शाळेला आणि गावाला चुकल्यासारखं वाटेल का? आमच्या शाळेच्या कपाटाला कुलूप लागलं तेव्हा कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. माझ्या मते अपयश हेच होतं, आणि ते कुलूप लागण्याच्या आधीच घडलेलं होतं.

गोव्याची पॅरिश शाळा

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यानंतर चर्चच्या आधाराने गावोगावी पॅरिश शाळा उभ्या राहिल्या. तिथे मुलांना वाचन-लेखन आणि धर्मशिक्षण मिळे, आणि त्याबरोबर संगीतही. शिकवणारा असे मेस्त्रे. मेस्त्रे म्हणजे गुरुजी. तोच शाळेत शिकवी आणि तोच चर्चमधली गायनमंडळी सांभाळी. आपल्या मंडळातल्या शब्दवेड्यांसाठी सांगते, मराठीतला 'मिस्त्री' याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजच. मला हे दोन शब्द एकत्र आठवतात, कारण गोव्याच्या गोष्टीतलं निम्मं मर्म त्यांत आहे. मेस्त्रे होता आणि त्याच्या पोटापाण्याची काहीतरी व्यवस्था होती. तो पाहुणा म्हणून येत नसे. गावातच राहत असे.

शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. हातात व्हायोलिन येण्याआधी मूल सोल्फेज शिके. सोल्फेज म्हणजे कागदावरची स्वरलिपी बघून, हाताने ताल धरून, दो-रे-मी अशा नावांनी सूर गाणं. आधी डोळा आणि गळा तयार व्हायचा, मग बोटं. आपण मुळाक्षरं शिकतो आणि मग कुठलंही पुस्तक उघडू शकतो, तसं. ज्याला वाचता येतं त्याला प्रत्येक नवी चाल कुणी तरी वाजवून दाखवावी लागत नाही.

पण माझ्या मते खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. शिकलेलं वाजवायला जागा होती, आणि ती ठरलेली होती. रविवारची मिस्सा, गावच्या चर्चचं फेस्त, घराघरांतली लदीन म्हणजे सामूहिक प्रार्थना, लग्न, अंत्ययात्रा. या सगळ्यांना गाणारे-वाजवणारे लागत. मुलगा दोन वर्षं शिकला की गावाला त्याची गरज असे. तो 'प्रोग्रॅम'साठी वाजवत नसे. तो नसला तर त्या दिवशीचं काम अडे. मोठे वाजवत असताना लहान बाजूला बसून ऐके, मग हळूच दुसऱ्या सुरांची सोपी ओळ वाजवू लागे, आणि काही वर्षांनी मुख्य चालीवर येई.

गावातून मुंबईत

या व्यवस्थेतून काय निघालं ते आपण सगळ्यांनी कानांनी ऐकलेलं आहे. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभच्या तोंडी अँथनी गोन्साल्विस हे नाव येतं, तो माणूस खरोखर होता. माजोर्डा या गोव्यातल्या गावी 1927 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायनमंडळीचे प्रमुख. अँथनी मुंबईत आले, सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले, इतरांना शिकवू लागले. प्यारेलाल त्यांचे शिष्य, राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. 1958 मध्ये त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांना एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. 'अमर अकबर अँथनी'चं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्या गाण्यातलं नाव म्हणजे प्यारेलालांनी गुरूला केलेला नमस्कार.

अँथनी एकटे नव्हते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशी गोव्याची किती तरी माणसं त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत होती. संगीतकाराला चाल सुचे, अरेंजर ती पन्नास वादकांसाठी वेगवेगळ्या कागदांवर लिही, आणि वादक कागद बघून त्याच दिवशी वाजवत. ज्यांना वाचता येत होतं त्यांनाच ते जमलं. पोलिसांचे आणि लष्कराचे बँड, मूकपटांची थिएटरं, हॉटेलं, सगळीकडे गोव्याचे वादक पोचले ते याच शिदोरीवर. खेड्यातली एक छोटी शाळा आणि तिचा मेस्त्रे यांच्यातून हे सगळं आलं, म्हणजे महागड्या सामानातून आलं नाही हे उघड आहे.

गोव्याची दुसरी बाजू

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. गोव्याच्या शाळेचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. ती परक्या सत्तेने आणि तिच्या चर्चने आपल्या गरजेसाठी उभी केलेली व्यवस्था होती. इन्क्विझिशनच्या काळात ख्रिस्ती घरांतल्या कित्येक देशी चालीरीतींवर बंदी आली. शाळेत युरोपचं संगीत होतं, अंगणातलं नव्हतं. वादक म्हणून पुढे आले ते बहुतेक मुलगे, मुली मागे राहिल्या. मी स्वतः कॅथलिक आहे, आमचं मूळ घर वसईकडचं, म्हणून हे मला जास्तच स्पष्टपणे लिहावंसं वाटतं.

पण लोकांनी आपला मार्ग काढला. गोव्याच्या मांडोत व्हायोलिन आणि घुमट शेजारी शेजारी वाजतात. व्हायोलिन युरोपातून आलेलं, घुमट मातीच्या घड्याचं, गावातलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं. म्हणजे मुलांनी शाळेतलं घेतलं आणि घरचं सोडलं नाही. यातून मी एक धडा घेते : शाळेने वाद्यं निवडताना त्या गावाच्या कानात आधीपासून काय आहे ते विचारावं.

शिकणाऱ्यातून शिकवणारा

दुसरं उदाहरण आमच्या गुजरातेतलं आणि तरीही मराठी माणसांना जवळचं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1886 मध्ये, मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत-नाटकाची जी विद्याशाखा आहे, ती आपलं मूळ त्या शाळेत सांगते. मौलाबक्ष यांनी आपल्या संगीतासाठी स्वरलिपी तयार केली आणि पुस्तकं काढली. घराण्यातल्या मुलांपुरती असलेली विद्या वर्गात आली. राजाने नुसती वाद्यं दिली नाहीत. त्याने शाळा दिली, पगार दिला आणि पुस्तकं छापायला मदत केली.

पुढे 1901 मध्ये विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये मुंबईत आणलं. त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे उपदेशक वर्ग. ज्या मुलांना पुढे शिकवायचं आहे त्यांना त्यांनी जवळ ठेवून घेतलं, शिकवलं आणि शिकवायलाही लावलं. नंतर कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. इमारतीबरोबर काम संपलं असतं, पण शिष्य तयार होते. बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत संगीतशाळा काढली, विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात. भरूचमध्ये वाढलेले ओंकारनाथ ठाकूरही याच वर्गातून आलेले. 1931 मध्ये पलुस्कर गेले, पण शिकवणारी माणसं मागे राहिली.

जगात अलीकडे ज्या योजनेचं नाव सारखं घेतलं जातं ती व्हेनेझुएलाची एल सिस्तेमा. होसे अन्तोनिओ आब्रेऊ यांनी 1975 मध्ये ती सुरू केली. तिथेही हेच तत्त्व : काल शिकलेला मुलगा आज धाकट्याच्या शेजारी बसतो. म्हणजे ही काही कुठल्या एका देशाची जादू नाही.

पुण्याचं पथक

तिसरं उदाहरण नोटेशन, चर्च, दरबार या सगळ्यांपासून लांबचं आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या नावाने ढोल-ताशाची पथकं आहेत. गणेशोत्सवाच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी सराव चालतो. जुने विद्यार्थी नोकरीवरून थेट सरावाला येतात. नव्याच्या हातात पहिल्या दिवशी ढोल देतात, ताशा नाही, कारण ढोलाचा ठोका सोपा आणि ताशाची काडी अवघड. ढोल ताणणं, उतरवणं, पान फाटलं तर बदलणं, वाहून नेणं, हे सगळं वादकच करतात.

यात पाश्चात्त्य पद्धतीचं काही नाही, तरी गोव्याच्या शाळेशी याचं साम्य बघा. तारीख ठरलेली आहे. लोक वाट बघतात. सोपं आणि अवघड काम एकाच रांगेत आहे, त्यामुळे नवशिका पहिल्याच वर्षी मिरवणुकीत असतो. मोठा धाकट्याला शिकवतो. सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली इतकी मराठी माणसं आहेत, तिथल्या गणपतीतही हा उत्साह दिसतो. म्हणजे आमच्या मुलांना ही गोष्ट परकी नाही.

मग नेमकं काय लागतं?

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की मला चार गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली : राहणारा शिक्षक. मेस्त्रे गावात राहिला, मौलाबक्ष यांना पगार होता. वर्षाच्या कराराच्या शिक्षकाला मुलांची नावं पाठ होईपर्यंत मार्च येतो.

दुसरी : वाजवायची ठरलेली जागा, आणि तीही वारंवार. वर्षातून एकदा गॅदरिंगला वाजवणाऱ्या मुलाला अकरा महिने सराव का करायचा ते कळत नाही. दर सोमवारी प्रार्थनेला वाजवायचं असेल तर रविवारी संध्याकाळी ते आपणहून वाद्य काढतं.

तिसरी : पहिल्या वर्षाच्या मुलालाही खऱ्या वादनात काम. तीन सुरांची ओळ असली तरी चालेल, पण ती सगळ्यांबरोबर वाजली पाहिजे. 'आधी पक्कं शिका, मग घेऊ' म्हटलं की निम्मी मुलं गळतात, आणि गळतात ती बहुतेक ज्यांच्या घरी शिकवणी लावायला पैसे नसतात ती.

चौथी : शिकणाऱ्यातून शिकवणारा तयार होणं. नववीच्या मुलीकडे पाचवीच्या दोन मुलांची जबाबदारी दिली, तर तिचंही वादन सुधारतं.

वाद्यं या यादीत नाहीत, हे मुद्दाम. ती लागतातच, पण त्यांच्यामुळे वर्ग टिकत नाही. परीक्षांचंही तसंच. गांधर्व मंडळाच्या किंवा लंडनच्या ट्रिनिटीच्या परीक्षा चांगल्या, वाटेवरच्या मैलाच्या दगडांसारख्या. पण मैलाचे दगड म्हणजे गाव नव्हे.

हजीऱ्यासाठी

आता आमच्या शाळेचं. हजीऱ्याचे स्वतःचे काही प्रश्न आहेत, ते पुण्या-गोव्याला नाहीत. इथे बहुतेक घरं कारखान्यांच्या नोकरीवर. आईवडील पाळीत, कुणाचा दिवस रात्री सुरू होतो, त्यामुळे घरी सरावाला शांतता असेलच असं नाही. बदली झाली की मूल वर्षाच्या मध्येच निघून जातं. मुलं बसने येतात आणि सुटल्याबरोबर बसनेच जातात, म्हणून 'शाळेनंतरचा वर्ग' ही कल्पना इथे कागदावरच राहते. आणि खारी दमट हवा. व्हायोलिनच्या पोलादी तारा गंजतात, पेटीचा भाता सादळतो, तबल्याची पुडी उतरते.

त्यामुळे माझं म्हणणं असं. वर्ग वेळापत्रकाच्या आतच हवा. आठवड्यातून एकदा दीड तास ठेवण्यापेक्षा तीनदा अर्धा तास बरा. सरावाला मधल्या सुट्टीत एक खोली उघडी ठेवावी, म्हणजे ज्याच्या घरी बाबा रात्रपाळी करून झोपलेले आहेत त्यालाही वाजवता येईल. वाद्यं शाळेच्या नावाने नोंदवून मुलांना वापरायला द्यावीत, वहीत सही घेऊन. जाणाऱ्याचं वाद्य येणाऱ्याला. गट एका इयत्तेचा न करता पाचवी ते नववीचा मिश्र करावा, म्हणजे बदलीने दोन मुलं गेली तरी गट मोडत नाही. दर सोमवारची प्रार्थना गटाकडे द्यावी. पंधरा ऑगस्ट, गणपती, नवरात्र आणि नाताळ, या चार दिवसांना काय वाजवायचं ते जूनमध्येच ठरवावं. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रत्येक वाद्य खुलं असावं.

आणि पैसे? जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा एका शिक्षकाच्या तीन वर्षांच्या मानधनासाठी बाजूला ठेवावा, मे महिन्याची सुट्टी धरून. थोडा हिस्सा दुरुस्तीला : तारा, गजाचे केस, राळ, भात्याचं चामडं, ड्रमची पानं. कपाटातली जुनी वाद्यं आधी दुरुस्त करून वापरात आणावीत. त्यातून उरलं तर बासऱ्या आणि ढोलकी घ्यावी. दोन्ही स्वस्त, दोन्ही आमच्या कानात आधीपासून आहेत. कीबोर्ड घ्यायचाच तर एक घ्यावा, वीस नकोत. वीस मुलांनी हेडफोन लावून वीस कीबोर्ड वाजवले, तर त्यांना एकमेकांचं ऐकायला कधी शिकता येणार? आणि एकत्र वाजवण्यातलं निम्मं शिक्षण ऐकण्याचंच असतं.

या सूचनेला फोटो चांगला येणार नाही, हे मला मान्य आहे. दुरुस्त केलेल्या भात्याचा आणि बारा महिन्यांच्या मानधनाचा फोटो काढता येत नाही. ग्रुपवर अजून मतं यायची आहेत, निर्णय दिवाळीनंतर व्हायचा आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या शाळेत वाद्यवर्ग दहा वर्षांहून जास्त टिकला असेल, त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर लिहाव्यात : शिक्षक किती वर्षं राहिले, मुलं कुठे आणि किती वेळा वाजवायची, आणि नव्यांना कोण शिकवायचं. मी त्या ओळी जशाच्या तशा आमच्या बैठकीत वाचून दाखवीन.